रोप्पोंगी हिल्स बघायला जाताय? आधी सूर्यास्ताची वेळ पाहा, मग तिकीट काढा

टोकियोच्या सहलीत ‘रोप्पोंगी हिल्स – 2 तास’ अशी एक ओळ बहुतेकांच्या वेळापत्रकात असते. मग लोक सकाळी साडेनऊला पोहोचतात, बंद दुकानांपुढून फिरतात, चुकीच्या दाराने ऑफिसच्या लॉबीत शिरतात आणि 52व्या मजल्याचं तिकीट समजून 53व्या मजल्याचं काढतात. ‘मॉलच तर आहे’ म्हणून कंटाळून निघतात, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो.

हा नुसता मॉल नाही. सुमारे 11 हेक्टर उतारावर ऑफिसं, घरं, हॉटेल, सिनेमागृह, टीव्ही वाहिनीचं मुख्यालय, बाग, संग्रहालय आणि दुकानं एकमेकांत गुंतलेली आहेत. इथे दिशेपेक्षा मजला महत्त्वाचा, आणि मजल्यापेक्षा वेळ. सगळा गोंधळ होतो तो हा क्रम उलटा धरल्यामुळे.

1. वार आणि वेळ ठरवा (निघण्याआधी निदान आठवडाभर)

पहिला नियम: मंगळवार टाळा.

इथल्या मुख्य उंच इमारतीच्या, म्हणजे मोरी टॉवरच्या 53व्या मजल्यावरचं मोरी आर्ट म्युझियम एरवी सकाळी 10 ते रात्री 10 उघडं असतं, पण मंगळवारी संध्याकाळी 5 ला बंद होतं. चालत जाण्याजोगं नॅशनल आर्ट सेंटर, टोकियो मिडटाउनमधलं सन्टोरी म्युझियम आणि तिथलंच 21_21 डिझाइन साइट, या तिघांची साप्ताहिक सुट्टीही मंगळवारीच. म्हणजे कलेसाठी रोप्पोंगीला जायचं असेल, तर आठवड्यातला सगळ्यात वाया जाणारा दिवस हाच.

दुसरा नियम: दिवसाची आखणी सूर्यास्तापासून मागे मोजत करा. वरून टोकियो दोनदा बघता येतं, एकदा उजेडात आणि एकदा दिवे लागल्यावर. दोन्ही एकाच तिकिटात हवं असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी वर असायला हवं.

इथे आपला अंदाज हमखास चुकतो. मुंबईत डिसेंबरातही सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. टोकियोत डिसेंबरच्या सुरुवातीला तो साडेचारच्याही आधी जातो. सुट्ट्यांच्या हिशेबाने ढोबळ वेळा अशा:

- दिवाळीच्या सुमारास (नोव्हेंबरचा पहिला आठवडा): 4:40
- नाताळची सुट्टी: 4:30
- साकुराचा (चेरीच्या फुलांचा) हंगाम, मार्चअखेर: 6 च्या आसपास
- मे महिन्याचा मध्य: 6:40
- जूनअखेर: 7

दिवाळीच्या सुट्टीत गेलात आणि ‘पाच वाजता वर जाऊ’ म्हणालात, तर फक्त रात्र बघायला मिळेल. ती सुंदरच असते, पण फुजी पर्वत दिसणार नाही. फुजी दिसण्याची शक्यता थंडीतल्या कोरड्या, स्वच्छ हवेत सगळ्यात जास्त. जून-जुलैच्या दमट हवेत त्याची आशा धरून जाऊ नका.

*तपासा:* म्युझियममध्ये एक प्रदर्शन संपून दुसरं लागेपर्यंत मध्ये काही दिवस ते बंद असतं. वार बरोबर असला तरी तारीख चुकू शकते. त्यांच्या संकेतस्थळावर चालू प्रदर्शनाची शेवटची तारीख पाहूनच पुढे जा.

2. योग्य तिकीट काढा

सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. मोरी टॉवरच्या माथ्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची तिकिटं वेगळी:

- टोकियो सिटी व्ह्यू, 52वा मजला. काचेआडून शहर बघण्याची जागा. बहुतेकांना हवी असते ती हीच.
- मोरी आर्ट्स सेंटर गॅलरी, हीसुद्धा 52व्या मजल्यावर. इथे तात्पुरती प्रदर्शनं लागतात, त्यात अनेकदा अ‍ॅनिमे किंवा मांगाची (जपानी कार्टून आणि चित्रकथांची).
- मोरी आर्ट म्युझियम, 53वा मजला. समकालीन कला.

‘मोरी’ हे नाव सगळीकडे दिसतं म्हणून घाईत भलतंच तिकीट निघतं. पैसे भरण्याआधी पडद्यावर ‘सिटी व्ह्यू’ हे शब्द आहेत का ते वाचा. समकालीन कलेत रस नसेल तर भिडेखातर म्युझियमचं तिकीट काढू नका. आई-बाबांना तर मुळीच काढून देऊ नका. अंधाऱ्या खोलीत चाळीस मिनिटांचा संवादाशिवायचा व्हिडिओ बघून ते तुम्हाला काय म्हणतील याचा विचार करा.

छतावरचा उघडा स्काय डेक हा चौथा प्रकार. वारा, पाऊस किंवा विजा असतील तर तो त्या दिवसापुरता बंद ठेवतात आणि संध्याकाळी आतल्या सिटी व्ह्यूपेक्षा लवकर बंद करतात. बॅग, छत्री, टोपी वर नेता येत नाही, खाली लॉकरमध्ये ठेवावी लागते. त्याचे पैसे मूळ तिकिटात धरलेत की वेगळे, ते तिकीट काढतानाच पाहा. उघड्यावर उभं राहणं हाच तुमचा मुख्य हेतू असेल तर त्या दिवसाचा हवामान अंदाज पाहूनच ठरवा.

तिकीट तारीख आणि वेळेचं असतं. ऑनलाइन घेतलं तर खिडकीपेक्षा स्वस्त पडतं. शनिवार-रविवारी दर चढे असतात. दिलेल्या वेळेत आत गेलात की बाहेर पडायची मर्यादा नसते, बंद होईपर्यंत थांबा. पण एकदा बाहेर आलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडत नाहीत. म्हणून सूर्यास्ताआधी तास-सव्वा तासाची वेळ निवडा आणि जेवण, खरेदी, बाग हे सगळं त्याच्या आधी किंवा नंतर ठेवा, मधे नाही.

*सावध:* भारतात बसून बुकिंग करताना दिसणारी वेळ जपानची असते. आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यातून साडेतीन तास वजा करत बसू नका. तिथे पोहोचल्यावर घड्याळात जी वेळ असेल तीच ही.

‘शिबुया स्काय (शिबुया भागातली अशीच उंचावरून शहर बघण्याची जागा) घ्यावं की हे?’ हा प्रश्न हमखास येतो. शिबुया तरुण मंडळींना जास्त आवडतं, पण तिथलं आकर्षण म्हणजे उघडं छत, आणि सूर्यास्ताच्या वेळा भराभर संपतात. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मूल असेल तर मी मोरी टॉवरच सांगेन. आत उबदार असतं, ऐसपैस आहे, आणि 333 मीटरचा टोकियो टॉवर समोर पूर्ण दिसतो. टोकियो टॉवरवर चढलेल्याला दिसत नाही तो टोकियो टॉवरच.

3. स्टेशन आणि दार

रोप्पोंगी स्टेशनवर दोन लाइनी येतात: टोकियो मेट्रोची हिबिया आणि तोएई या दुसऱ्या भुयारी रेल्वेची ओएदो. नकाशाचं अ‍ॅप तुम्हाला दोन-तीन मिनिटं वाचतात म्हणून ओएदोने पाठवतं. शक्य असेल तर हिबियानेच या.

कारण ओएदोचा इथला फलाट टोकियोच्या भुयारी स्टेशनांत सगळ्यात खोल आहे, जमिनीखाली 42 मीटरपर्यंत. एकामागून एक सरकते जिने चढून वर आलात की दार क्रमांक 3 मधून रस्त्यावर येता, आणि मग चार-पाच मिनिटं चालायचं. गुडघे दुखणारी माणसं सोबत असतील तर दिवसाची सुरुवातच थकव्याने होते. हिबियाने आलात तर 1सी असा फलक धरायचा. तो रस्ता भुयारातूनच कॉम्प्लेक्समध्ये नेतो. पाऊस असो वा थंडी, बाहेर पडावंच लागत नाही.

कुठून कसं यायचं:

- गिन्झा, अकिहाबारा, उएनो: थेट हिबिया लाइन.
- शिबुया, शिंजुकू: जेआरच्या (जपान रेल्वेच्या) यामानोते लाइनने एबिसू, तिथून हिबियाने दुसरं स्टेशन. शिंजुकूहून ओएदो थेट येते, पण वर सांगितलेला खोल फलाट लक्षात ठेवा.
- निशी-कासाई: भारतीय वस्तीमुळे अनेक मराठी मंडळी नातेवाइकांकडे इथेच उतरतात. तोझाई लाइनने कायाबाचो, तिथे हिबिया धरा.

24, 48 किंवा 72 तासांचा पर्यटकांचा सबवे पास घेतला असेल तर मेट्रो आणि तोएई दोन्ही चालतात, पण जेआर चालत नाही. म्हणजे एबिसूचा टप्पा वेगळा पडेल. सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरलेलं प्रवासाचं कार्ड असेल तर हा हिशेब करायचं कारणच नाही.

*सावध:* विमानतळावरून थेट मोठ्या बॅगा घेऊन येऊ नका. स्टेशनवरचे मोठे लॉकर दुपारपर्यंत भरलेले असतात. बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवा. चेक-इनच्या आधीही बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात.

4. पोहोचल्यावर आधी मजला ओळखा

1सी मधून पुढे आलात की काचेचा एक मोठा गोल मनोरा लागतो, मेट्रो हॅट. त्यातले लांब सरकते जिने तुम्हाला भुयारातून वर 66 प्लाझावर आणून सोडतात. जपानी उच्चार ‘रोकुरोकु प्लाझा’, कोणाला विचाराल तर तसंच विचारा.

आता मुख्य गोम. तुम्ही मोकळ्या आकाशाखाली उभे आहात, समोर रस्त्यासारखा चौक आहे, पण फलक सांगतो 2एफ. एक तर जपानमध्ये आपला तळमजला म्हणजे 1एफ, आणि त्यांचा दुसरा म्हणजे आपला पहिला. त्यात हे सगळं टेकडीच्या उतारावर. कोकणात उतारावरच्या घराला पुढून पायऱ्या आणि मागून थेट माळ्यावर दार असतं, तसंच हे: एका बाजूने जो दुसरा मजला, तोच दुसऱ्या बाजूने रस्ता. म्हणून ‘खाली बाहेर पडतो आणि भेटतो’ असं फोनवर ठरवू नका. प्रत्येक बाजूचं ‘खाली’ वेगळं आहे. फोनवरचा निळा ठिपकाही इथे कुचकामी, कारण तो मजला सांगत नाही.

भेटायची जागा एकच ठेवा: चौकातला दहा मीटर उंच कोळी. लुईझ बुर्ज्वा यांचं ‘मामाँ’ हे शिल्प. लांबून फोटो काढून सगळे जातात. तुम्ही त्याच्या आठ पायांच्या मधोमध जा आणि मान वर करा. पोटाखाली जाळीची पिशवी आहे आणि तिच्यात पांढरी संगमरवरी अंडी. ती बाहेरून नीट दिसत नाहीत.

*तपासा:* चौकात उभं राहून या तीन गोष्टी ओळखा, मग हला. कोळी, त्याच्यामागे मोरी टॉवर, आणि टॉवरला लागून काचेची शंकूसारखी वेगळी छोटी इमारत, म्युझियम कोन.

5. वर जायचा रस्ता

टॉवर समोर दिसतो म्हणून लोक सरळ टॉवरच्या दारातून आत जातात. ते दार ऑफिसांचं. आत सुरक्षा फाटक, गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं, आणि तिथल्या लिफ्टने तुम्हाला वर जाता येत नाही. सुरक्षारक्षक नम्रपणे कमरेत वाकून तुम्हाला परत पाठवतो.

तुमचं दार म्युझियम कोनचं. तिथून तिसऱ्या मजल्यावर जायचं, तिकीट किंवा क्यूआर कोड दाखवायचा, छोटा पूल ओलांडून टॉवरमध्ये शिरायचं आणि लिफ्टने थेट 52. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा. रांगेत उभं राहून ईमेल शोधणाऱ्याच्या मागे सगळी रांग थांबते आणि कोणी काही बोलत नाही, ते जास्त बोचतं.

वर पोहोचल्यावर:

- आधी पश्चिमेची बाजू धरा. सूर्य, शिंजुकूचे उंच टॉवर आणि नशीब असेल तर फुजी त्या बाजूला.
- सूर्य मावळल्यावर लगेच टोकियो टॉवरच्या बाजूला या. आकाश गडद निळं आणि टॉवर नारिंगी, हा मेळ वीस-पंचवीस मिनिटंच टिकतो.
- रात्री काचेत तुमचंच प्रतिबिंब येतं. फोन काचेला अगदी टेकवा, फ्लॅश बंद, आणि शक्यतो गडद रंगाचा शर्ट घालून या. पांढरा कुर्ता प्रत्येक फोटोत टोकियोवर तरंगताना दिसेल.
- तिपाई नेऊ नका.

6. दुकानं, बाग आणि फुकटातल्या गोष्टी

दुकानं साधारण 11 ते 8, उपाहारगृहं रात्री 11 पर्यंत. सकाळी 11 च्या आधी येऊन म्युझियम आणि बागेखेरीज फारसं काही हाती लागत नाही.

खरेदीबद्दल माझं स्पष्ट मत: इथे करू नका. वेस्ट वॉक या इथल्या खरेदीच्या भागातली दुकानं देखणी आहेत, पण भाव त्या परिसराला साजेसे. भेटवस्तूंसाठी दुसऱ्या जागा भरपूर आहेत. तरी काही घेतलंच, तर करमुक्त खरेदीसाठी मूळ पासपोर्ट लागतो. फोनमधला फोटो चालत नाही. आणि 1 नोव्हेंबर 2026 पासून ही पद्धतच बदलते: दुकानात करासकट पूर्ण पैसे भरायचे, देश सोडताना कस्टम्सची नोंद झाल्यावर कर परत मिळायचा. त्या तारखेनंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर त्यासाठी वेळ ठेवावा आणि घेतलेल्या वस्तू चेक-इन बॅगेत घालण्याची घाई करू नये.

मुलं सोबत असतील तर टीव्ही आसाहीच्या इमारतीत जा. तळाच्या मोठ्या दालनात प्रवेश फुकट असतो आणि तिथे डोरेमॉन, शिनचॅन भेटतात. आपल्याकडच्या मुलांना ते संग्रहालयापेक्षा कितीतरी जवळचे. त्याच्या शेजारी मोरी बाग, मध्ये तळं, बसायला बाक. दोन टप्प्यांच्या मधे वडीलधाऱ्यांना विसावायला हीच जागा बरी.

बागेच्या पलीकडे केयाकीझाका हा सुमारे 400 मीटरचा उताराचा रस्ता. इथल्या पदपथावरची बाकं वेगवेगळ्या कलाकारांनी घडवलेली आहेत. तोकुजिन योशिओका यांचं काचेचं बाक पाऊस पडला की दिसेनासं होतं, आणि कोरड्या दिवशीही लोक त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. नोव्हेंबरपासून 25 डिसेंबरपर्यंत या रस्त्याच्या झाडांवर रोषणाई असते. वरच्या पादचारी पुलावरून दिव्यांच्या दोन ओळी आणि शेवटी टोकियो टॉवर असा फोटो मिळतो. गर्दी होते, कर्मचारी पुढे सरका म्हणत राहतात. थांबून कॅमेऱ्याची सेटिंग करायची जागा ती नव्हे, आधीच करून ठेवा. 26 डिसेंबरला पोहोचून दिवे शोधणारेही दर वर्षी असतात.

7. जेवण

शाकाहारी मंडळींसाठी हा वेगळा टप्पाच आहे, आणि तो ऐनवेळी सोडवता येत नाही.

जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचं पाणी सगळीकडे असतं, आणि ते बहुधा सुकवलेल्या माशापासून केलेलं. भाज्यांचं उदोन, मिसो सूप, टेम्पुराची चटणी, सगळ्यात. ‘नो मीट’ म्हटलं तर वेटर मनापासून मान डोलावतो आणि मासा येतोच, कारण त्याच्या लेखी मासा मांसात मोडत नाही. ‘मांस, मासे, माशांची दाशी, काहीच चालत नाही’ असं जपानीत लिहिलेलं वाक्य फोनमध्ये तयार ठेवा आणि ते दाखवा. कांदा-लसूणही नको असेल तर रोप्पोंगीत अवघड आहे. त्या दिवशी पोटभर न्याहारी करून निघा.

सोपा मार्ग म्हणजे रोप्पोंगी परिसरातलं एखादं भारतीय हॉटेल आधीच नकाशावर खूण करून ठेवणं. आणखी तीन गोष्टी:

- दुपारी 12 ते 1 ऑफिसांची सुट्टी. 11:30 ला बसा किंवा 1 नंतर.
- अनेक ठिकाणी दोन-अडीचनंतर संध्याकाळी पाचपर्यंत स्वयंपाकघर बंद. ‘फिरून झाल्यावर तीनला जेवू’ इथे चालत नाही.
- सोबत आणलेले ठेपले, चकल्या बाहेरच्या बाकावर शांतपणे खा. हॉटेलात बसून डबा उघडू नका, चालत खाऊ नका. कचरापेट्या जवळपास नसतात, म्हणून एक रिकामी पिशवी खिशात ठेवा.

8. परतताना

अझाबुदाई हिल्स जोडायचं असेल तर हिबिया लाइनने एकच स्टेशन, कामियाचो; दार क्रमांक 5 थेट आत उघडतं. नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या कॉम्प्लेक्सचा टॉवर 325 मीटरचा आहे. पण बहुतेक जण जातात ते तळघरातल्या ‘टीमलॅब बॉर्डरलेस’ या डिजिटल कलेच्या संग्रहालयासाठी, आणि त्याचं तिकीटही तारीख-वेळेचं. एका दिवसात दोन्ही करायचे असतील तर टीमलॅब सकाळी, जेवण, मग रोप्पोंगी आणि सूर्यास्त. उलट क्रमाने केलंत तर संध्याकाळी तळघरात असाल.

रात्री उशीर झाला तर दोन गोष्टी. शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या आसपास सुटतात. बदलायची गाडी असेल तर तिची शेवटची वेळ आधी पाहा. आणि रोप्पोंगीच्या मुख्य चौकात इंग्रजीत गप्पा मारत बारमध्ये बोलावणारे दलाल असतात. ‘पहिलं ड्रिंक फुकट’ म्हणतात आणि आत गेल्यावर बिल भलतंच येतं. उत्तरही देऊ नका, चालत राहा. नाहीतर सरळ 66 प्लाझावरून मेट्रो हॅटने खाली उतरा, म्हणजे तो चौक लागतच नाही.